मुक्कामी प्रस्तरारोहण सहलीसाठी सामान कसे बांधावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या युवक गटाची तंबूतल्या मुक्कामाची आणि प्रस्तरारोहणाची सहल पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सोलापुरातून निघते. संक्रांतीचा आठवडा आम्ही सोडतो, कारण सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा टाकून डोंगरात यायला कोणी तयार होत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. शुक्रवारी रात्रीच्या रेल्वेने पुणे, तेथून गाडीने राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे, शनिवारी कातळावर सराव, रात्री तंबूत मुक्काम, रविवारी सकाळी पुन्हा चढाई आणि रात्री परतीची गाडी, असा साधारण क्रम असतो. म्हणजे तीन रात्रींपैकी दोन रेल्वेत जातात आणि एकच तंबूत, ही गोष्ट सामान बांधताना लक्षात ठेवावी. पालकांकडून आणि मुलामुलींकडून दरवेळी जे प्रश्न येतात, ते येथे एकत्र केले आहेत.

१. सॅक किती मोठी हवी आणि वजन किती चालेल?

चाळीस ते पन्नास लिटरची, कमरेला पट्टा असलेली सॅक पुरते. पट्टा महत्त्वाचा असतो, कारण तो नीट आवळला की बराचसा भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. चाकांची बॅग गुंजवण्याच्या बांधावरून ओढता येत नाही, आणि हातात धरायची पिशवी असली की चढावर एक हात अडकून राहतो. वजनाचा आमचा नियम असा आहे की, पाणी धरून भरलेल्या सॅकचे वजन आपल्या वजनाच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त नसावे. अठ्ठेचाळीस किलोच्या मुलासाठी ते आठ किलो होते. घरच्या काट्यावर आधी एकट्याने आणि मग सॅक पाठीला लावून उभे राहिले की फरक कळतो. आजवर आमच्याकडे एखादी वस्तू विसरल्यामुळे फार कोणाचे अडले नाही. अडले ते आईने शेवटच्या क्षणी कोंबलेल्या दोन किलो फराळामुळे.

२. नेमके काय घ्यायचे, ते एकदा सांगाल का?

झोपण्यासाठी मॅट आणि स्लीपिंग बॅग (प्रश्न ३), पायात घट्ट बसणारे बूट (प्रश्न ४), कपड्यांचा एक जादा जोड आणि मोज्यांचे दोन जादा जोड (प्रश्न ५), पाण्याच्या दोन बाटल्या (प्रश्न ६), स्वतःचे ताट, वाटी, पेला आणि चमचा, हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल, टोपी, स्वतःची औषधे (प्रश्न ११), ओळखपत्र आणि थोडी सुटी रोकड. यांशिवाय पंधरा-वीस लिटरची एक लहान पाठपिशवी घडी करून ठेवावी, कारण कातळावर जाताना मोठी सॅक तंबूतच राहते.

मोबाइलच्या उजेडावर भागेल, असे पुष्कळांना वाटते, पण अंधारात उतरताना किंवा तंबूची दोरी बांधताना दोन्ही हात मोकळे लागतात आणि मोबाइल तोंडात धरून चालणारा मुलगा शेवटी मोबाइलही पाडतो. हेडटॉर्चचे सेल घरून निघताना उलटे घालून ठेवावेत, म्हणजे सॅकमध्ये बटण दाबले जाऊन ती रात्रभर जळत नाही. टॉवेलऐवजी पंचा आणावा. सोलापूरचा जाड टर्किश टॉवेल घरी कितीही सुखाचा असला, तरी दवात भिजल्यावर तो दोन दिवसांत वाळत नाही.

३. घरी उत्तम सोलापुरी चादर आहे. ती चालेल, की स्लीपिंग बॅगच विकत घ्यायची?

हा प्रश्न दरवर्षी सर्वांत जास्त वेळा येतो, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली चादर जेथे विणली जाते त्या गावात राहून तिला नाही म्हणणे आम्हालाही अवघड जाते. तरी उत्तर सविस्तर द्यायला हवे.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि राजगडाचा माथा तेराशे मीटरच्या वर आहे. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. आपला तळ माथ्यावर नसून पायथ्याशी असला, तरी डिसेंबरात थंड हवा रात्री दरीत उतरून साचते आणि पहाटे तंबूच्या आतूनही पाणी टपकते एवढे दव पडते. चादर सुती असते. सूत पाणी शोषून घेते आणि ओले सूत अंगाची ऊब टिकवण्याऐवजी ओढून घेते. शिवाय मोठी चादर घडी घालूनही सॅकचा जवळजवळ निम्मा भाग व्यापते. म्हणून तंबूतल्या रात्रीसाठी कृत्रिम धाग्यांनी भरलेली स्लीपिंग बॅग योग्य ठरते. तिच्यावर दोन तापमाने छापलेली असतील, तर ‘कम्फर्ट’ हा आकडा पाहावा. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा त्या थंडीत माणूस कसाबसा तग धरतो एवढेच सांगतो, सुखाने झोपतो असे सांगत नाही. आपल्यासाठी दहा अंश कम्फर्ट असलेली बॅग पुरते.

बॅग विकत घ्यावीच लागते असे नाही. नातेवाइकांकडून किंवा मागच्या वर्षीच्या मुलांकडून ती सहज मिळते. तीही न मिळाल्यास मॅट चांगली घ्यावी आणि वर घरची लोकरीची घोंगडी आणावी, कारण घोंगडी थोडी ओली झाली तरी ऊब देते. अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालची मॅट जास्त महत्त्वाची आहे, हे पहिल्या रात्री कोणालाच पटत नाही. जमीन अंगातली उष्णता सतत ओढत असते आणि वजनाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेचा खालचा भाग जवळजवळ निकामी होतो. फोमची मॅट सॅकच्या बाहेर बांधली तरी चालते.

चादरीला एक सन्मानाची जागा मात्र आम्ही ठेवली आहे. दोन मुलांमागे एक एकेरी चादर आणावी आणि ती रेल्वेतल्या दोन रात्री वापरावी.

४. शाळेचे कॅनव्हासचे बूट चालतील का? नवे बूट घ्यायचे तर कोणते?

तळ सपाट झालेले कॅनव्हासचे बूट चालणार नाहीत. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा आहे. तो कोरडा असताना पकड देतो, पण त्यावर माती किंवा शेवाळ असले की पाय काचेवर ठेवल्यासारखा सरकतो, आणि घसाऱ्यावर तर बुटाच्या तळाच्या खाचाच माणसाला धरून ठेवतात. खोल खाचांचा रबरी तळ, पुढे अर्धा अंगठा मोकळा आणि टाच न हलणारा बूट घ्यावा. तो नवी पेठेत मिळतो का, की पुण्याहून मागवावा लागतो, ही दुय्यम बाब आहे. सहलीच्या आदल्या दिवशी घेऊ नये ही मुख्य. नवे बूट किमान दोन आठवडे रोज घालून फिरावे, नाहीतर शनिवारी दुपारपर्यंत टाचेला फोड येतात. पायांची नखे गुरुवारीच कापावीत, कारण उतारावर लांब नख बुटाच्या टोकाला आपटून काळे पडते. मुक्कामाच्या तळावर घालण्यासाठी रबरी चप्पल आणावी.

५. कपड्यांत जीन्स का नको म्हणता?

जीन्समध्ये गुडघा छातीपर्यंत उचलता येत नाही, आणि कातळावर तीच हालचाल सतत करावी लागते. भिजली तर ती जड होते आणि वाळत नाही. हार्नेसच्या, म्हणजे दोर अडकवायला कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या साजाच्या, पट्ट्याखाली तिची जाड शिवण मांडीला काचते. सैल ट्रॅक पॅन्ट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालावा. आखूड पॅन्ट घातल्यास गुडघे सोलवटतात. झोपण्यासाठी एक पूर्ण कोरडा जोड, मोज्यांसह, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि तो तंबूत शिरल्यावरच उघडावा. स्वेटर एकच, पण जाड असावा.

६. पाणी किती न्यायचे? तेथे मिळत नाही का?

प्रत्येकी एक लिटरच्या दोन बाटल्या भरून घ्याव्यात. गावात पाणी भरता येते, म्हणून दिवसाला तीन लिटर पाणी पोटात जाणे अपेक्षित असले, तरी तेवढे पाठीवर वाहावे लागत नाही. गडावरच्या टाक्यांतले पाणी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीनची गोळी टाकून गोळीच्या वेष्टनावर लिहिलेला वेळ थांबल्याशिवाय प्यायचे नाही. ओआरएसची दोन पाकिटे जवळ असू द्यावीत. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे; चव येण्यासाठी अर्ध्या लिटरमध्ये मिसळणारे दरवेळी एक-दोन जण निघतात, आणि तसे केल्याने अपाय होतो.

७. खायला घरून काय द्यावे?

रेल्वेतले शुक्रवारचे जेवण आणि कातळावर खायचा कोरडा खाऊ, एवढेच द्यावे. बाकीचे जेवण गट करतो. याबाबतीत सोलापूरकर भाग्यवान आहेत, कारण ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांच्याइतके टिकाऊ आणि हलके अन्न डोंगरात दुसरे सापडणार नाही. मात्र कडक भाकरी सॅकमध्ये नुसती ठेवली तर तिचा शनिवारपर्यंत भुगा होतो. ती स्टीलच्या गोल डब्यात, मधल्या फटीत कागद कोंबून, उभी लावावी. चटणीला तेल सुटते, म्हणून तिचा डबा पिशवीत बांधून कपड्यांपासून दूर ठेवावा. धपाटे दोन दिवस चांगले राहतात. केळी आणू नयेत. सॅकमध्ये त्यांचे काय होते, ते ज्याने एकदा धुतले आहे तो सांगेल.

८. चढाईचे साहित्य आम्ही आणायचे का?

नाही. रोप (दोर), हार्नेस, हेल्मेट, कॅरॅबिनर (उघडमिट होणारी धातूची कडी), बिलेची (चढणाऱ्याचा दोर सांभाळण्याची) साधने आणि स्लिंग (पट्ट्याचे फास) गटाकडून मिळतात आणि ती निघण्याआधी तपासली जातात. रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून खाली उतरण्यासाठी, पातळ चामडी हातमोजे असतील तर आणावेत, नसतील तरी अडत नाही. आपण गावकऱ्यांना आणि संबंधित खात्याला विचारून ठरवलेल्या कातळावरच चढतो, गडाच्या तटबंदीवर किंवा बुरुजावर दोर लावत नाही. म्हणून ‘गडावर सराव करण्यासाठी’ स्वतंत्र साहित्य आणू नये.

९. माझ्या मामांनी त्यांचा जुना हार्नेस आणि हेल्मेट दिले आहे. ते वापरू का?

बहुतेक वेळा उत्तर नकाराचे असते, आणि मामांचा अपमान होऊ नये म्हणून कारणे येथे लिहून ठेवतो.

हार्नेस आणि दोर नायलॉनसारख्या धाग्यांचे असतात आणि हे धागे न वापरताही म्हातारे होतात. कापडी साहित्याची मुदत उत्पादनापासून साधारण दहा वर्षांच्या पुढे जात नाही, असे बहुतेक उत्पादक सांगतात. नियमित वापर असेल तर ती बरीच कमी होते. हार्नेसच्या आतल्या पट्टीवर उत्पादनाचे वर्ष आणि मानकाचा क्रमांक असतो. हार्नेससाठी ईएन (युरोपीय मानक) १२२७७ आणि हेल्मेटसाठी ईएन १२४९२ हे क्रमांक पाहावेत. ती पट्टी पुसली गेली असेल, तर वय कळण्याचा मार्ग उरत नाही आणि आम्ही ते साहित्य वापरत नाही.

वय योग्य असले, तरी ते ठेवले कोठे होते हा पुढचा प्रश्न असतो. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंश ओलांडतो आणि पत्र्याखालचा माळा त्याहूनही तापतो. त्याहून धोक्याची जागा म्हणजे इन्व्हर्टरजवळचा कोनाडा. बॅटरीतल्या आम्लाचा थेंब किंवा वाफ नायलॉनला लागली, तर वरून काहीही न दिसता पट्टा कमकुवत होतो. एकदा एका मुलाने आणलेला हार्नेस दिसायला जवळजवळ कोरा होता. बोलता बोलता कळले की तो तीन वर्षे जिन्याखाली बॅटरीच्या फळीवर पडून होता. पट्ट्याची घडी उलगडून आम्ही ती दोन बोटांत चोळली, तेव्हा आतल्या बाजूचे तंतू पिवळट पडलेले दिसले आणि त्यांची पूड नखावर आली.

हेल्मेटला जोराचा मार बसला असेल, तर चीर दिसो वा न दिसो, ते निवृत्त करावे. स्वतःचे नवे, पावतीसह घेतलेले साहित्य असेल तर ते निघण्याआधीच्या बुधवारच्या बैठकीत दाखवावे. स्थानकावर दाखवलेले साहित्य तपासले जात नाही, कारण तेथे उजेडही नसतो आणि वेळही नसतो.

१०. मग सायकलचे हेल्मेट, बाजारातली नायलॉनची दोरी किंवा किल्ल्यांच्या जुडग्याचा कॅरॅबिनर?

तिन्ही नकोत. सायकलचे हेल्मेट रस्त्यावर पडताना बसणाऱ्या एका माराचा विचार करून बनवतात. वरून पडणाऱ्या दगडासाठी नव्हे. ताडपत्री बांधायची दोरी ताडपत्रीसाठी जरूर आणावी, पण तिच्यावर माणूस लटकवायचा नसतो. चढाईच्या कॅरॅबिनरच्या अंगावर त्याची ताकद किलोन्यूटनमध्ये कोरलेली असते, आणि लांबीच्या दिशेने ती किमान वीस असते. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोंचा भार. ज्याच्यावर काहीच कोरलेले नाही, तो पाण्याची बाटली अडकवण्यापुरताच ठेवावा, आणि तोही हार्नेसला अडकवू नये, म्हणजे घाईत चुकून हाती येणार नाही.

११. औषधे कोणी सांभाळायची? मुलाला दम्याचा त्रास आहे.

नेहमीची औषधे प्रत्येकाने स्वतःजवळ, नाव आणि मात्रा लिहून ठेवावीत. दम्याचा पंप मोठ्या सॅकमध्ये नव्हे, तर चढाईच्या लहान पिशवीत किंवा खिशात असावा आणि दुसरा पंप गटप्रमुखांकडे द्यावा. कशाची ॲलर्जी आहे हे अर्जात स्पष्ट लिहावे. मधमाशीच्या डंखाची असेल तर प्रत्यक्ष बोलावे. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळ असते आणि तीव्र वासाने किंवा धुराने ते उठते. म्हणून अत्तर, डिओडरंट आणि सुगंधी तेल सोलापुरातच ठेवावे, हा नियम शोभेचा नाही.

सर्पदंशाचे तयार संच विकत घेऊ नयेत. चिरा देणे, विष चोखणे आणि घट्ट बांधणे या तिन्ही गोष्टी घातक आहेत. दंश झालेला अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर रुग्णालयात नेणे हाच उपाय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि एकूण आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत.

१२. मुलींसाठी वेगळे काही सांगाल का?

केस घट्ट वेणीत बांधून टी-शर्टच्या आत घालावेत, कारण रॅपलिंग करताना मोकळी बट उतरण्याच्या साधनात ओढली जाते आणि मग दोरावर लटकत असताना ती सोडवणे कठीण होते. हे लांब केसांच्या मुलांनाही तितकेच लागू आहे. अंगठी, बांगड्या, कडे, गळ्यातली साखळी आणि लोंबते कानातले घरी ठेवावे. हाताचा भार अडकलेल्या अंगठीवर आला, तर बोटाला गंभीर इजा होते. न निघणारी अंगठी असल्यास आधी कळवावे. पाळी असली तरी चढाई करता येते. पॅड आणि ते गुंडाळायला कागद आणि बंद होणारी अपारदर्शक पिशवी आणावी. वापरलेले पॅड पुरायचे नसते, परत आणायचे असते. सोबत महिला स्वयंसेवक असतात आणि त्यांच्याकडे जादा साठा असतो.

१३. गॅसचा लहान डबा किंवा रॉकेलचा स्टोव्ह आणू का?

रेल्वेत आणू नये. ज्वलनशील वस्तू घेऊन प्रवास करणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. ट्रेकिंगच्या स्टोव्हला लागणारा ब्यूटेनचा डबाही यात येतो. स्वयंपाकाच्या इंधनाची व्यवस्था आम्ही गुंजवण्यातच करतो.

१४. मोबाइल आणि पॉवर बँक?

आणावेत. कातळावर मोबाइल खिशात नको, पडला तर खालच्याच्या डोक्यावर पडतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवावी.

१५. मला चष्मा आहे. लेन्स लावू का?

धुळीच्या आणि अस्वच्छ हातांच्या जागी लेन्स काढणे-घालणे त्रासाचे होते. चष्म्याला मागून दोरी बांधावी आणि जुना चष्मा कडक डबीत जादा म्हणून आणावा.

१६. अवेळी पाऊस आला तर?

नोव्हेंबरातही एखादी सर येते. सॅकवरचे कव्हर पाठीच्या बाजूने पाणी अडवत नाही, म्हणून सॅकच्या आत एक जाड मोठी पिशवी अस्तरासारखी लावून त्यात सामान भरावे. घरात पडलेले खताच्या पोत्याचे आतले प्लॅस्टिक यासाठी वापरू नये. कितीही धुतले तरी खताचा अंश राहतो आणि तो दोराजवळ नको. कारण प्रश्न ९ मध्ये आले आहे. ओल्या कातळावर आपण चढत नाही, मात्र भिजत चालायची वेळ येऊ शकते, तेव्हा छत्रीऐवजी अंगावरचा रेनकोट हवा.

१७. शनिवारी माझा उपवास असतो. तरी चढता येईल का?

उपवासाचे पदार्थ खाऊन चढता येईल. निर्जळी उपवास करून येणार नाही. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू आणि खजूर हा खाऊ उलट आम्ही सर्वांनाच सुचवतो. उपवास आहे हे दोर सांभाळणाऱ्या जोडीदाराला सांगून ठेवावे, म्हणजे दुपारी चक्कर आल्यास कारण शोधत बसावे लागणार नाही. भगर आणि शेंगदाण्याची आमटी हवी असल्यास बुधवारी कळवावे.

१८. गटाचे सामान माझ्याकडे वाटून दिले आहे आणि आयत्या वेळी माझे येणे रद्द झाले, तर काय करायचे?

आपण आला नाहीत तरी सामान आलेच पाहिजे. तंबूचे खांब, ताडपत्री, प्रथमोपचार पेटी आणि भांडी सर्वांमध्ये विभागलेली असतात, त्यामुळे एक सॅक घरी राहिली की एखादा तंबू उभा राहत नाही. ताप असेल तर घरातल्या कोणाकडून तरी गाडी सुटण्याच्या एक तास आधी सामान स्थानकावर पोहोचवावे आणि ते कोणाच्या हातात दिले ते फोनवर सांगावे. उशीर होणार असेल तर मागून दुसऱ्या गाडीने येण्याचा प्रयत्न न करता आधी फोन करावा.

हा प्रश्न यादीत आला तो आमच्याच चुकीमुळे. एका वर्षी कुकर एकाकडे आणि त्याची शिटी व रबरी रिंग दुसऱ्याकडे दिली होती. दुसऱ्याला शुक्रवारी दुपारी ताप भरला, आणि शनिवारी रात्री पंचवीस जणांची डाळ गुंजवण्यात साडेदहापर्यंत झाकण ठेवून नुसतीच उकळत राहिली. तेव्हापासून कुकर, शिटी आणि रिंग एकाच सुतळीत ओवून एकाच सॅकमध्ये जातात, आणि ती सॅक कोणाची आहे हे निदान तिघांना ठाऊक असते.